गावनिहाय सरकारी आकडे संशोधकाच्या हाती देताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

हा लेख तक्ते तयार करणाऱ्यांसाठी आहे: पंचायत समितीतले विस्तार अधिकारी, तहसीलमधले अव्वल कारकून, जिल्हा सांख्यिकी कार्यालयातले सहाय्यक, आणि अशा कार्यालयांना आकडेवारीत मदत करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते. माहिती जाहीर होत नाही ही तक्रार आता निम्मीच खरी आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मुळे आणि केंद्राच्या २०१२ च्या डेटा धोरणामुळे बरेच काही संकेतस्थळांवर येते. पण आलेले बरेचसे वापरता येत नाही, कारण काम उलट्या टोकाने सुरू होते. आधी पोर्टल ठरते, मग रंगीत डॅशबोर्ड बनतो, आणि यातले वडगाव नेमके कोणत्या तालुक्यातले हे शेवटी कोणीतरी विचारते. डॅशबोर्ड बैठकीत दाखवायला ठीक आहे. संशोधकाला फाइल लागते.

उदाहरण म्हणून टंचाईतील टँकरची माहिती घेऊ. ३१ ऑक्टोबर २०१८ ला राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. जाहीर तालुक्यांतल्या गावांना टँकर लवकर मिळाला की शेजारच्या तालुक्यांतल्या गावांना, हा साधा प्रश्न आहे. त्याचे उत्तर काढायला दुष्काळाची यादी तालुक्याची, पाऊस महसूल मंडळाचा (म्हणजे तालुक्याच्या आतल्या काही गावांच्या गटाचा) आणि टँकर गावाचा, असे तीन तक्ते एकमेकांना जोडावे लागतात. खालचे सगळे टप्पे त्या जोडणीसाठी आहेत.

टप्पा १: मूळ यादी गाठा, गोषवारा बाजूला ठेवा

जिल्ह्याहून वर जातो तो गोषवारा: तालुका, गावे, वाड्या, शासकीय टँकर, खासगी टँकर, मंजूर खेपा, प्रत्यक्ष खेपा. संकेतस्थळावरही बहुतेक तोच चढतो. गोषवाऱ्यातून गाव परत काढता येत नाही, म्हणून तालुक्याकडून आलेली मूळ गावनिहाय यादी मिळवा. ती कोणाच्या तरी संगणकावर एक्सेलमध्ये असतेच. सही-शिक्क्याची स्कॅन केलेली पीडीएफ हा त्या यादीचा पुरावा असतो. ती नस्तीत राहू द्या आणि कामाला एक्सेल घ्या.

फाइल मिळाली की तिची एक प्रत ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुन्हा तिला हात लावू नका. पुढचे सगळे काम दुसऱ्या प्रतीवर करा.

मग फाँट पाहा. कृतिदेव, श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर फक्त दिसायला मराठी असतो. फाँट नसलेल्या संगणकावर त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते, आणि शोध, क्रमवारी, जुळवणी यांतले काहीच चालत नाही. सगळे आत्ताच युनिकोडमध्ये आणा, शेवटी नको. गावांची नावे जुळवायची आहेत, आणि ती युनिकोडमध्ये आल्याशिवाय जुळणार नाहीत.

*सावध:* रूपांतराची बरीच साधने हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली आहेत. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ नीट आला का, ते डोळ्यांनी तपासा. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिले जाते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. नावापुढे राहिलेली रिकामी जागाही असाच घोळ घालते.

टप्पा २: एक ओळ म्हणजे नेमके काय, ते ठरवा

हा निर्णय कागदावर एका वाक्यात लिहा. तो न घेताच पुढे जाणे ही मला सर्वाधिक दिसणारी चूक आहे.

टँकरचा साप्ताहिक अहवाल ‘आज किती सुरू आहेत’ एवढेच सांगतो. एखाद्या गावात मार्चपासून जूनपर्यंत टँकर चालला, तर ते गाव दर आठवड्याच्या यादीत येते. कोणी सगळे आठवडे बेरीज केले की जिल्ह्यात असतील त्याहून जास्त गावे टँकरवर निघतात. म्हणून ओळ अशी ठरवा: एक गाव किंवा एक वाडी, आणि टँकर सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतचा एक सलग काळ. मध्ये पाऊस पडून टँकर बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला, तर दुसरी ओळ. अशा यादीतून कोणत्याही दिवसाचा साप्ताहिक आकडा मोजता येतो. साप्ताहिक आकड्यांवरून ही यादी मात्र बनत नाही.

आता तक्ता सपाट करा:

- जोडलेले खाने सोडवा. तालुक्याचे नाव वर एकदा लिहून खाली वीस ओळी मोकळ्या ठेवू नका. प्रत्येक ओळीत लिहा.
- ‘वरीलप्रमाणे’ आणि त्याअर्थीच्या खुणा काढून तिथे खरी नोंद भरा.
- मध्येच येणाऱ्या ‘एकूण’च्या ओळी काढा, पण आधी त्या वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. तपासणीला लागतील.
- तीन मजली शीर्षक एका ओळीत आणा.
- ‘वडगाव बु. व ३ वाड्या’ असा खाना असेल तर त्याच्या चार ओळी होतात. वाड्यांची नावे ठाऊक नसतील तर तालुक्याला विचारा, अंदाजाने भरू नका.
- रंगाने दिलेला अर्थ (पिवळी ओळ म्हणजे खासगी टँकर) वेगळ्या रकान्यात लिहा. फाइल सीएसव्हीत, म्हणजे नुसत्या मजकुराच्या तक्त्यात, गेली की रंग उडतो.

*तपासा:* उतरवून ठेवलेल्या प्रत्येक ‘एकूण’शी नव्या ओळींची बेरीज लावून बघा. जुळत नसेल तर चूक बहुधा जुन्या बेरजेत असते, पण ती शोधून मगच पुढे जा.

टप्पा ३: प्रत्येक नावाशेजारी कोड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पिंपळगाव, वडगाव, निमगाव ही नावे एकेका जिल्ह्यात अनेकदा येतात. त्यात खुर्द आणि बुद्रुक कधी पूर्ण, कधी ‘खु.’ आणि ‘बु.’, आणि घाईत लिहिलेल्या यादीत गायबच. जिल्ह्यांचीही तीच गत. जुन्या तक्त्यांत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर. नव्यांत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी यादीत बीडचे स्पेलिंग ‘बी-आय-डी’ आहे, बाकी सगळीकडे दोन ‘ई’. नावावर जोडणी करणारा कोणीही इथे अडकतो.

उपाय जुनाच आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी, म्हणजे एलजीडी, प्रत्येक जिल्हा, तालुका, गाव आणि ग्रामपंचायतीला कोड देते. जनगणना २०११ चे स्वतःचे कोड आहेत, त्यात गावाचा कोड सहा अंकी. शक्य असेल तर दोन्ही कोड द्या. एकच द्यायचा असेल तर एलजीडीचा द्या, कारण त्यात नंतरचे बदल नोंदले जातात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या यादीत तो असणारच नाही.

कोणता कोड दिला आहे ते रकान्याच्या नावातच लिहा. नुसते ‘जिल्हा कोड’ का चालत नाही, ते पाहा. जनगणना २०११ मध्ये ४९७ म्हणजे नंदुरबार, एलजीडीत ४९७ म्हणजे ठाणे. ४९८ जनगणनेत धुळे, एलजीडीत वर्धा. ४९९ जनगणनेत जळगाव, एलजीडीत वाशीम. ५०० जनगणनेत बुलढाणा, एलजीडीत यवतमाळ. दोन याद्या अशा चुकीच्या जोडल्या गेल्या तर संगणक काही कुरकुर करत नाही. बाकीचे जिल्हे जुळत नाहीत म्हणून शंका तरी येते, पण हे चार गुपचूप जुळून जातात आणि धुळ्याचा पाऊस वर्ध्याच्या टँकरला लागतो.

कोड लावण्याचा क्रम असा ठेवा:

१. आधी जिल्हा आणि तालुका यांचे कोड लावा. ते हाताने लावले तरी फार वेळ लागत नाही.
२. मग तालुक्याच्या आतच गावाचे नाव जुळवा. अख्ख्या राज्यात शोधू नका.
३. तंतोतंत जुळलेली नावे बाजूला काढा. उरलेली तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला विचारून लावा. संगणकाने सुचवलेले ‘जवळचे नाव’ न पाहता स्वीकारू नका. त्यात खुर्दचे बुद्रुक सहज होते.
४. न जुळलेली ओळ टाकून देऊ नका. कोड रिकामा ठेवा आणि शेऱ्यात ‘कोड निश्चित नाही’ लिहा.

महसुली गाव आणि ग्रामपंचायत एकच समजू नका. गट ग्रामपंचायतीत अनेक महसुली गावे असतात. दोन्हींसाठी वेगळे रकाने करा. वाडी, वस्ती, पाडा यांना ज्या महसुली गावात त्या येतात त्याचा कोड द्या आणि वाडीचे नाव वेगळ्या रकान्यात लिहा. पाणीपुरवठा विभागाचा वस्ती क्रमांक हाताशी असेल तर तोही जोडा. महसूल मंडळाचा रकाना अवश्य ठेवा, नाहीतर पावसाशी जोडणी होणार नाही.

*सावध:* कोड हा मजकूर आहे, संख्या नाही. जनगणना २०११ चे तहसील कोड पाच अंकी आणि शून्याने सुरू होणारे आहेत. एक्सेलने तो रकाना संख्या मानला की पहिले शून्य उडते. कोड चिकटवण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करा. नंतर केल्यास उडालेले शून्य परत येत नाही.

गट क्रमांकांचीही तीच गोष्ट. १२/३ लिहिले की एक्सेल त्याची तारीख करते. सातबारा हा शब्द अंकांत लिहिला तर त्याचीही तारीखच होते.

टप्पा ४: शून्य, निरंक आणि रिकामा खाना वेगळे करा

कार्यालयात ‘निरंक’ म्हणजे विचारले, पाहिले, काही नाही. ही अत्यंत मोलाची माहिती आहे आणि आकडा म्हणून ती ० आहे. रिकामा खाना म्हणजे माहिती आलेली नाही. आडवी रेघ म्हणजे कधी शून्य, कधी ‘लागू नाही’, कधी टाइप करणाऱ्याचा कंटाळा.

प्रत्यक्ष खेपांच्या रकान्यात रिकाम्या जागी ० भरले, तर टँकर मंजूर असून एकही खेप झाली नाही असा अर्थ होतो. संशोधक त्यावर निष्कर्ष काढेल, आणि उद्या तो विधानसभेच्या तारांकित प्रश्नात दिसेल. म्हणून निरंक असेल तिथे ०, माहिती नसेल तिथे खाना रिकामा, आणि कारण शेजारच्या रकान्यात: ‘अप्राप्त’ किंवा ‘लागू नाही’. ९९९ किंवा -१ असे खुणेचे आकडे भरू नका. कोणीतरी त्यांचीही सरासरी काढतोच.

बेचिराख, म्हणजे वस्ती न उरलेल्या, गावांचे काय? ती यादीतून गाळू नका. लोकसंख्या ० आणि शेऱ्यात ‘बेचिराख’ लिहा, म्हणजे गावांची संख्या जनगणनेशी जुळते.

टप्पा ५: एकके आणि तारखा

एकक रकान्याच्या नावात हवे. कृषी तक्त्यांत क्षेत्र ‘शेकडा हेक्टर’मध्ये की ‘हजार हेक्टर’मध्ये, हे वरच्या कोपऱ्यात कंसात लिहिलेले असते आणि नक्कल करताना पहिल्यांदा तेच गळते. कापसाचे उत्पादन गाठींत असते, १७० किलोची एक गाठ, आणि शेजारच्या सोयाबीनचे टनांत.

जमिनीच्या क्षेत्रात दोन खड्डे आहेत. १ हेक्टर ५ आर हे १.०५ आहे, १.५ नव्हे. आणि २ एकर २० गुंठे म्हणजे २.५ एकर, २.२० नव्हे, कारण एकराचे गुंठे ४०.

तारखा वर्ष-महिना-दिवस या एकाच पद्धतीने लिहा. ०५/०६ ही ५ जून की ६ मे, हा वाद तिथेच संपतो. त्याहून मोठा गोंधळ ‘२०२३-२४’ या लिहिण्याने होतो. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, कृषी वर्ष जुलै ते जून, टंचाईचा आराखडा ऑक्टोबर ते जून. टंचाई २०२३-२४ मध्ये मे २०२४ येतो. वाचणाऱ्याने ते आर्थिक वर्ष मानले तर उन्हाळ्याचे ऐन तीन महिने बाहेर पडतात. वर्षाबरोबर सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्या.

पावसाचा आकडा सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो. १५ जुलैच्या नावावर लिहिलेला पाऊस बराचसा १४ जुलैला पडलेला असतो. माहितीपत्रकात याची एक ओळ हवीच.

अक्षांश-रेखांश देत असाल तर दशांशात द्या. *तपासा:* महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५.६ ते २२.१ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९ च्या आत पडतात. बिंदू त्याबाहेर गेला तर बहुधा दोन्ही रकाने उलटे भरले आहेत.

टप्पा ६: खासगी तपशील काढा

टँकरच्या यादीत चालकाचे नाव आणि मोबाइल, अधिग्रहित विहिरीच्या मालकाचे नाव, कधी बँक खातेही असते. संशोधनाला यातले काही लागत नाही. आधार क्रमांक जाहीर करायला तर आधार कायद्याच्या कलम २९ ने मनाई आहे, आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदाही ध्यानात ठेवायला हवा. हे काम कोड लावून झाल्यावर करा, आधी नको. दुबार नोंदी ओळखायला तोवर नावांचा उपयोग होतो.

रकाना लपवणे म्हणजे काढणे नव्हे. एक्सेलमध्ये लपवलेला रकाना, लपवलेली शीट आणि पिव्हट तक्त्याच्या पोटात राहिलेला मूळ डेटा दोन क्लिकांत बाहेर येतो. प्रसिद्धीची फाइल कोरी उघडा आणि हवे तेवढेच रकाने तिच्यात ‘फक्त मूल्ये’ म्हणून चिकटवा.

नाव नसले तरी माणूस ओळखू येतो, हे लहान गावात विशेष खरे आहे. दिव्यांगांचे आकडे गाव, लिंग आणि प्रकार यांनुसार दिले तर ‘१’ लिहिलेल्या खान्यातला माणूस अख्ख्या गावाला कळतो. अशा तक्त्यात ५ पेक्षा लहान आकडा झाका किंवा पातळी गावावरून तालुक्यावर न्या. झाकताना बेरजेकडे लक्ष असू द्या. एकूण ४३, त्यातले १८ आणि २२ उघड, तिसरा खाना झाकलेला. तो ३ आहे हे कोणीही वजाबाकीने सांगेल. त्याच ओळीतला आणखी एक खाना झाकावा लागतो.

पण या कारणाने सगळेच अडवू नका. गावाला टँकर कधी लागला यात कोणाचे खासगी काही नाही.

टप्पा ७: फाइल साठवा

एक्सेलमध्ये ‘सेव्ह ॲज’ करून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. त्याच यादीत साधे ‘सीएसव्ही’ही असते, ते निवडले तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि फाइल बंद केल्यावर नावे परत मिळत नाहीत. आकडे इंग्रजी अंकांत ठेवा. देवनागरीत टाइप केलेले अंक एक्सेल सहसा मजकूर धरते आणि बेरीज शून्य दाखवते. गावाचे नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन रकान्यांत द्या. फाइलच्या नावात विषय, जिल्हा, काळ आणि आवृत्ती घाला. ‘फायनल नवीन २’ हे नाव नव्हे.

*तपासा:* तयार सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून पाहू नका, ती नोटपॅडमध्ये उघडा. डबल-क्लिकने शून्ये पुन्हा उडतात, आणि तुम्ही सेव्ह केले की केलेली मेहनत वाया जाते.

टप्पा ८: माहितीपत्रक लिहा

दोन पाने पुरे. प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक आणि स्रोत. माहिती कोणी, कोणत्या प्रपत्रात, कोणत्या काळात गोळा केली. काय समाविष्ट नाही: नगरपालिकांचे टँकर यात धरले आहेत का, स्वयंसेवी संस्थांचे? आकडे हंगामी की अंतिम? पीक उत्पादनाचा पहिला अग्रिम अंदाज आणि अंतिम अंदाज यांत फरक पडतो, आणि फाइलवर ते लिहिले नसेल तर दोघे संशोधक दोन वेगळे आकडे घेऊन भांडत बसतात.

‘गाव’ म्हणजे या तक्त्यात काय, ‘खेप’ म्हणजे किती लिटरचा टँकर, हेही लिहा. गोळा करण्याची पद्धत मध्येच बदलली असेल तर तारखेसह नोंदवा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. त्याआधीचे आणि नंतरचे पीकक्षेत्र सलग रेषेत काढणाऱ्याला हे माहीत असायला हवे.

वापराची परवानगी एका ओळीत द्या. केंद्राचा २०१७ चा शासकीय मुक्त डेटा परवाना उपलब्ध आहे. तो लागू करता येतो का, हे वरिष्ठांकडून टिप्पणीवर मंजूर करून घ्या.

टप्पा ९: बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या, मग प्रसिद्ध करा

फाइल आणि माहितीपत्रक अशा कोणाला द्या, ज्याने हे काम कधी पाहिलेले नाही. दुसऱ्या विभागातला सहकारी चालेल, जवळच्या महाविद्यालयातला अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्याहून बरा. त्याला एकच काम सांगा: ‘एप्रिलच्या १५ तारखेला अमुक तालुक्यात किती गावांत टँकर सुरू होते, ते काढ.’ तुम्ही जवळ बसू नका, फोनवर सांगू नका. त्याचे उत्तर त्या आठवड्याच्या जुन्या गोषवाऱ्याशी ताडून पाहा. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे माहितीपत्रकात राहिलेली एक ओळ. ती भरा आणि मगच फाइल संकेतस्थळावर चढवा, शेजारी माहितीपत्रक आणि कार्यालयाचा ईमेल पत्ता. पत्ता पदाचा असावा. व्यक्तीचा दिला तर बदली झाली की पत्रव्यवहार बंद.

चुका नंतर सापडतीलच. फाइल गुपचूप बदलू नका. जुनी तिथेच ठेवा, नवीला पुढचा आवृत्ती क्रमांक द्या आणि काय बदलले त्याची नोंद करा: कोणत्या तारखेला, कोणत्या गावाची कोणती ओळ, आधी काय होते, आता काय आहे. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तिच्या गावयाद्या आल्या की त्यांचे कोड नव्या रकान्यात जोडा, २०११ चा रकाना मात्र काढू नका.